दाराची काच पुन्हा पुन्हा तिरकी होऊन अडकते : मशीन बदलण्याआधी काय तपासावं

जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने पुढे सरकते. आधी हँडल जड होतं. मग काच वर जाताना मागचा कोपरा आधी चढतो, पुढचा मागे राहतो आणि काच मध्येच रुतून बसते. एका हाताने काच सरळ धरून दुसऱ्या हाताने हँडल फिरवलं की जाते वर. काही आठवडे असं चालतं. मग एक दिवस दारात ‘कट्’ असा आवाज होतो, हँडल मोकळं फिरू लागतं आणि काच दाराच्या पोटात जाऊन बसते. मशीन बदलली जाते. (काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरला कारागीर मशीनच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) नवी मशीन सहा महिने छान चालते आणि पुन्हा तेच सुरू होतं.

माझ्या १९६८ सालच्या गाडीच्या चालकाच्या दारात हे दोनदा झालं. दोन्ही वेळा काढलेल्या मशीन मी ठेवून दिल्या होत्या. तिसऱ्या खेपेला त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पंख्याच्या आकाराच्या दातेरी पातीचे बहुतेक दात नव्यासारखे होते. झिजले होते ते फक्त एका टोकाचे पाच-सहा दात, आणि दोन्ही मशीनमध्ये तेच. काच वर पोचायला चार बोटं उरतात तेव्हा हँडलचं चाक याच दातांवर असतं. मशीन वापराने झिजली असती तर सगळेच दात थोडेथोडे झिजले असते. ठरावीक दातच संपत असतील, तर काचेच्या वाटेत ठरावीक जागी तिला काहीतरी धरून ठेवतंय.

दुखणं वारंवार परत येत असेल, तर मशीन हा परिणाम आहे असं धरून चाला आणि कारण काचेच्या वाटेत शोधा.

दार उघडताना

दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, म्हणजे पॅड, काढण्याआधी काच पूर्ण वर असताना दोन्ही दारांच्या हँडलचे फोटो काढून ठेवा. हँडल परत बसवताना ते गुडघ्याला लागणार नाही अशा कोनात हवं असतं आणि तो कोन नंतर आठवत नाही. बऱ्याच गाड्यांत हँडलच्या मागे घोड्याच्या नालासारखी एक बारीक क्लिप असते. ती काढायला जाड सुती फडकं पुरतं. हँडल आणि पॅडच्या मध्ये फडकं घालायचं, दोन्ही टोकं धरून बूट पुसल्यासारखं डावी-उजवीकडे ओढायचं. फडक्याचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप सुटते. ती उडते, त्यामुळे वर दुसरं फडकं धरा. काही गाड्यांत क्लिपऐवजी टोपीखाली स्क्रू असतो, काहींत दांड्यातून आरपार पिन. जोर लावण्याआधी टॉर्चने आत पाहून घ्या.

पॅडच्या मागे प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा पडदा असतो. तो फाडून फेकू नका. काचेवरून ओघळलेलं पाणी दारात उतरणार हे गाडी बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जावं आणि पॅडला लागू नये, म्हणून हा पडदा असतो. तळाची भोकंही याच वेळी काडीने साफ करा. ती बुजली की पाणी साचतं आणि काचेच्या तळाची पट्टी, जिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे, ती सडू लागते.

हातमोजे घाला. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा कापून काढतात.

हाताची चाचणी

सगळ्यात जास्त माहिती या चाचणीतून मिळते, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. मशीनच्या हातांच्या टोकांची छोटी चाकं, म्हणजे रोलर, काचेच्या तळपट्टीतून सोडवा. रोलर काढताना काच घसरू नये म्हणून ती आधी वर नेऊन चौकटीवरून चिकटपट्टी लावून टांगून ठेवा, किंवा खाली लाकडाचा ठोकळा द्या. रोलर सुटले की काच फक्त पुढच्या आणि मागच्या उभ्या चॅनेलच्या (काच ज्यांत सरकते त्या खोबण्यांच्या) आधाराने राहते. आता चिकटपट्टी काढा, तळपट्टीखाली दोन्ही हातांची बोटं घाला आणि काच सावकाश तळापासून माथ्यापर्यंत न्या, परत आणा. असं चार वेळा करा.

निरोगी दारात काच सगळीकडे सारख्याच जोराने सरकते, आणि तो जोर काचेच्या वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. जिथे हाताला अडथळा लागेल तिथे काचेच्या वरच्या कडेची रेषा चौकटीवर खडूने आखून ठेवा.

खाली मोकळी आणि वर जड लागली, तर दोन्ही चॅनेलमधलं अंतर वर कमी झालं आहे किंवा चौकट वाकली आहे. दाराची चौकट हाताने ओढून दार लावायची सवय असेल तर चौकट हळूहळू वाकते. सगळीकडे जड असेल तर चॅनेलमधलं फेल्ट (मऊ कापडी अस्तर) किंवा रबर सुकलंय, किंवा कुणीतरी मापापेक्षा जाड बसवलंय. काच पुढे-मागे डुलत असेल तर फेल्ट संपलंय किंवा चॅनेलचा खालचा बोल्ट सैल आहे. आणि हाताने सुरेख सरकते, पण मशीन जोडताच तिरकी होते, असं असेल तर तळपट्टी जागेवरून सरकली आहे किंवा मशीनची आडवी पट्टी, जिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे, ती कललेली आहे.

माझ्या दारात काच शेवटच्या चार बोटांत अशी घट्ट झाली की दोन हातांनीही वर जाईना. तिथेच नवी मशीन चढवली असती, तर तीही पहिल्या दोघींच्या वाटेने गेली असती.

उभे चॅनेल

ज्या गाड्यांत पुढे छोटी तिकोनी काच असते, त्यांत तिच्या मागचा उभा खांब हाच मोठ्या काचेचा पुढचा चॅनेल असतो. तो वर चौकटीला, मध्ये दाराच्या कमरेशी (काच जिथून दाराच्या पोटात शिरते तिथे) आणि खाली दाराच्या आत बोल्टने धरलेला असतो. खालचं भोक लांबट असतं, म्हणजे खांब थोडा कलवता यावा. सोय म्हणून दिलेलं हे लांबट भोकच पुढे घोटाळ्याचं कारण होतं. मागच्या दुरुस्तीत बोल्ट काढला आणि परत कसताना खांब कुठे होता हे पाहिलं नाही, की सगळी वाट बदलते.

माझ्या दारात खांबाचा वरचा स्क्रू नव्हताच. खालचा बोल्ट भोकाच्या अगदी पुढच्या टोकाला कसलेला होता. खालचं टोक पुढे गेलं, खांब कमरेच्या स्क्रूवर फिरला आणि वरचं टोक मागे, काचेच्या अंगावर आलं. एखादा तराजू कलावा तसं. टेपने मोजलं तर दोन चॅनेलमधलं अंतर कमरेशी होतं त्यापेक्षा माथ्याशी ५ मिलिमीटर कमी भरलं. ५ मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाहीत. काचेला मात्र ते पुरेसे असतात.

म्हणून मोजा. काचेची पुढची आणि मागची कड समांतर असेल, तर चॅनेलमधलं अंतर वर, कमरेशी आणि खाली, तिन्ही ठिकाणी सारखं यायला हवं. फेल्टच्या आतून आतपर्यंत मोजा, पत्र्यापासून नको. काचेच्या रुंदीपेक्षा मी २ ते ३ मिलिमीटर जास्त ठेवतो. याहून कमी ठेवलं तर उन्हात काच जड होते, फार जास्त ठेवलं तर रस्त्यावर खडखडते.

बाजूने पाहताना दोन्ही चॅनेल एकाच पातळीत आहेत का, हेही पाहावं लागतं. एक आत आणि एक बाहेर कललेला असेल तर काच पिळवटते. ती वाकत नाही, म्हणून सगळा जोर फेल्टवर आणि रोलरवर येतो. काही दारांत पत्रा आणि चॅनेलच्या मध्ये जाड वॉशर दिलेले असतात ते याच कारणासाठी. सोडवताना कुठल्या बोल्टखाली किती वॉशर निघाले ते लिहून ठेवा.

फेल्टबद्दल माझं मत ठाम आहे. तीस-चाळीस वर्षं जुनं फेल्ट धुऊन-पुसून वाचवण्यात अर्थ नाही. त्यात बसलेली धूळ वाळूच्या कागदासारखी काम करते आणि काचेवर उभे ओरखडे पाडते. नवं घेताना मात्र जुन्याचा तुकडा सोबत ठेवून जाडी जुळवा. माझ्या दारात मधल्या दुरुस्तीत बसवलेलं फेल्ट जुन्यापेक्षा जाड होतं. खांब कललेला, त्यात जाड फेल्ट. दोन्ही एकत्र आल्यावर काच वर जाणार कशी?

कोपऱ्यात फेल्ट दुमडू नका. तिथे आतल्या बाजूने छोटी त्रिकोणी खाच कापा, म्हणजे वळणावर सुरकुती येत नाही. कमरेशी काचेच्या दोन्ही बाजूंना घासणाऱ्या मखमली पट्ट्या असतात, त्याही पाहा. आतली पट्टी निघालेली असली तर काच आतल्या बाजूला झुकते आणि वर जाताना चौकटीच्या आतल्या ओठावर आपटते.

काचेच्या तळाची पट्टी

काचेची खालची कड एका इंग्रजी ‘यू’ आकाराच्या लोखंडी पट्टीत बसवलेली असते. काच आणि लोखंड यांच्यामध्ये रबराची पट्टी असते आणि ती दाबाने दोघांना धरून ठेवते. मशीनचे रोलर याच तळपट्टीच्या खोबणीत सरकतात.

दाराच्या तळाशी पाणी साचत असेल तर गंज इथेच सुरू होतो. रबर सुकतं, पकड सुटते आणि तळपट्टी काचेवरून पुढे किंवा मागे सरकते. ती एक सेंटिमीटर सरकली तरी काच उचलण्याची जागा बदलते, म्हणून काच तिरकी चढते. उलटंही घडतं. गंज फुगतो, पट्टी आतून आवळत जाते आणि काचेच्या कडेला तडा जातो.

दाराची काच टफन केलेली असते. ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. त्यामुळे पृष्ठभाग दाबात आणि आतला भाग ताणात राहतो. तिची ताकद यातून येते, आणि कडेला टवका उडाला तर क्षणात तिचे दाणे होतात तेही यामुळेच. ही काच कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कड घासून कमी करता येत नाही. तळपट्टीवर काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

पट्टी काढण्याआधी काचेच्या मागच्या कडेपासून पट्टीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. दुसऱ्या दाराचंही मोजा. दोन्ही जुळत नसतील तर एका दाराची पट्टी सरकली आहे हे कळलं. चालकाचं दार जास्त वापरात असतं, म्हणून सरकलेली पट्टी बहुधा त्याचीच असते. शेजारच्या दाराचं माप खरं धरायला हरकत नाही.

पट्टी निघत नसेल तर तिच्यात पातळ गंजतेल सोडून रात्रभर ठेवा. मग पट्टीच्या एका टोकाला लाकडाचा तुकडा लावून हातोडीने हलके ठोके द्या. ठोका लोखंडावर पडला पाहिजे, काचेवर कधीच नाही. गंज खरवडून, गंजरोधक रंग देऊन, तो पूर्ण सुकवून मगच पट्टी परत बसवा. पत्रा कागदासारखा झाला असेल तर ती बदलणंच योग्य.

नवी रबर पट्टी वेगवेगळ्या जाडीत मिळते. योग्य जाडी ती, जी घातल्यावर तळपट्टी हाताने अर्धीच बसते आणि उरलेली ठोकून बसवावी लागते. घोंगडीवर काच उलटी उभी करा, म्हणजे वरची कड खाली. रबर काचेच्या कडेवर दुमडा, साबणाचं पाणी लावा, तळपट्टी टेकवा आणि लाकूड धरून रबरी हातोडीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ठोकत जा. मध्येच थांबून माप पुन्हा पाहा. साबण सुकल्यावर रबर घट्ट धरतं, त्यासाठी एक दिवस द्या.

काही जण रबराऐवजी काचा चिकटवायचा पॉलियुरेथेन सीलंट वापरतात. तो चांगला धरतो, पण पुढच्या वेळी काच न फोडता पट्टी काढणं फार अवघड होतं. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन मात्र इथे लावू नका. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि लोखंडाला पुन्हा गंज लागतो.

मशीन आणि तिची आडवी पट्टी

कात्रीच्या मशीनला दोन हात असतात, एकमेकांना छेदणारे. दोघांची वरची टोकं काचेच्या तळपट्टीत सरकतात. दुसऱ्या हाताचं खालचं टोक दाराच्या पत्र्यावर बसवलेल्या एका आडव्या पट्टीत सरकतं. ही पट्टी लांबट भोकांत दोन बोल्टवर धरलेली असते. ती कलवली की काच कलते. चॅनेल आणि तळपट्टी ठीक असूनही काच एका कोपऱ्यात आधी टेकत असेल, तर हे दोन बोल्ट सैल करा, काच पूर्ण वर नेऊन हाताने चौकटीत नीट बसवा आणि तशीच धरून बोल्ट कसा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते शेवटी करायचं. आधी केलं तर चॅनेलची चूक या पट्टीने झाकली जाते आणि हात पुन्हा पिळले जातात.

एकाच हाताच्या मशीनमध्ये ही सोय नसते. तिथे काच सरळ ठेवण्याचं सगळं काम चॅनेलचं असतं, म्हणून फेल्ट संपलं की काच लगेच तिरकी होते.

गाडी खड्ड्यांतून जाताना काच आपोआप खाली उतरत असेल तर तो वेगळा रोग आहे. हँडलच्या मागे डबीत एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. हँडल फिरवलं की ती सैल होते, काचेच्या वजनाने मागून जोर आला की डबीत फुगून अडकते. ती झिजली की काच टिकत नाही. ही डबी उघडून दुरुस्त करण्यापेक्षा मशीन बदलणं मी पसंत करतो. मशीन बदलण्याचं इतकं स्पष्ट कारण दुसरं नाही.

दातेरी पातीला काचेचं वजन पेलणारी मोठी चपटी स्प्रिंग असेल तर सावध राहा. मोटर असलेल्या दारात मोटर काढताच ती पाती जोरात फिरते आणि बोटं मध्ये सापडतात. मोटर सोडवण्याआधी पाती आणि मागचा पत्रा यांना आरपार बोल्ट घालून जखडून टाका. यात घाई नको.

जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन काढा. वाळून मेणासारखं झालेल्या ग्रीसवर नवं लावलं तर काही महिन्यांत तेही तसंच होतं. दात, हातांचे सांधे आणि रोलरच्या खोबणीत लिथियम ग्रीस. फेल्ट आणि रबरावर फक्त सिलिकॉन स्प्रे. फेल्टमध्ये ग्रीस किंवा इंजिन ऑइल घातलं तर पहिले दोन दिवस काच लोण्यासारखी चालते, मग त्यावर धूळ बसून त्याचा लगदा होतो. रोलर नायलॉनचे असतील तर हाताने फिरवून पाहा. एका बाजूने चपटा झालेला रोलर फिरत नाही, घासत जातो.

बटणाची काच असेल तर

काच अर्ध्यावर थांबते, काही सेकंद वाट पाहून बटण दाबलं की पुन्हा चालते, असं होत असेल तर मोटर बिघडली असं लगेच समजू नका. या सर्किटमध्ये बहुधा तापल्यावर स्वतः तुटणारा आणि थंड झाल्यावर स्वतः जोडणारा ब्रेकर असतो. काच जड असल्यामुळे मोटर जास्त करंट ओढते आणि ब्रेकर तुटतो. म्हणजे पुन्हा हाताची चाचणीच.

हाताला काच मोकळी लागली तर मल्टिमीटर घ्या. बटण दाबून, काच सरकत असताना, मोटरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२ आणि मोटरवर ९ येत असतील तर मधले ३ व्होल्ट तारेत, बटणात किंवा अर्थिंगमध्ये जातायत. न चालणाऱ्या मोटरवर मोजून हे कळत नाही, कारण करंट वाहत नसेल तर खराब सांध्यावरही व्होल्टेज पूर्ण दिसतं. दार आणि खांब यांच्यामध्ये, बिजागरीपाशी, तारा रोज वाकतात आणि वरचं आवरण शाबूत असताना आत तुटतात. बटण दाबून धरा आणि दार हलवा. काच मध्येच चालली तर जागा सापडली. अनेक जुन्या गाड्यांत मोटरचा सगळा करंट बटणातूनच जातो, त्यामुळे संपर्क काळे पडतात. ते घासून साफ करा, आणि पुढे कधी वायरिंग उघडलीच तर रिले (बटणाच्या थोड्या करंटने मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा.

परत बसवताना

सगळे बोल्ट आधी फक्त बोटांनी लावा. काच चार-पाच वेळा वर-खाली करा, म्हणजे चॅनेल स्वतःच आपली जागा घेतात. मग काच पूर्ण वर नेऊन वरचे बोल्ट कसा आणि पूर्ण खाली नेऊन खालचे. प्रत्येक बोल्ट कसल्यावर एकदा हँडल फिरवून पाहा. जड झालं तर शेवटचा बोल्ट सैल करा, चूक तिथेच आहे.

पॅड लावण्याआधी दार पंधरा-वीस वेळा नेहमीच्या जोराने आपटून बंद करा, काच वर ठेवून आणि अर्ध्यावर ठेवूनही. मी पॅड आणखी पंधरा दिवस लावत नाही, पडदा तेवढा चिकटवतो. नवं फेल्ट त्या काळात बसतं आणि खांबाचा खालचा बोल्ट पाव फेरा तरी सैल झालेला सापडतो. तो कसून, अंतर तिन्ही ठिकाणी पुन्हा मोजून, मगच हँडल चढवतो.